वर्गातले रेकॉर्डिंग कुणाचे? नागपुरातल्या एका महाविद्यालयाचे प्रकरण

हिवाळी परीक्षा तोंडावर आली असताना नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर दोन ओळींची नोटीस लागली : ‘वर्गात मोबाइलवर रेकॉर्डिंग करण्यास सक्त मनाई आहे. आढळल्यास मोबाइल जप्त करून शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.’ खाली प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. ज्याने रेकॉर्डिंग विकून पैसे केले त्याचे या नोटिशीने काहीही बिघडले नाही. ज्या विद्यार्थ्याच्या बाजूने कायदा सर्वांत ठामपणे उभा होता, त्याचा अभ्यास मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद पडला.

मी त्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. नंतर नेमलेल्या समितीत मला घेतले गेले, त्यामुळे सगळे कागद माझ्या हाताखालून गेले. नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळून हे प्रकरण मांडते आहे. असेच प्रश्न इतर महाविद्यालयांतही येत असणार, आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे उत्तर अशाच एका नोटिशीने दिले जात असणार.

घडले ते असे

एम.ए. मराठीचा वर्ग. आधुनिक कवितेचा पेपर शिकवणारे सर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. वर्गात गडचिरोली जिल्ह्यातून आलेला एक दृष्टिहीन विद्यार्थी. त्याच्या लॅपटॉपवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर आहे, पण स्क्रीन रीडरला वाचायला मजकूर लागतो. आमच्या ग्रंथालयातली कवितेवरची बरीचशी समीक्षा जुनी, पिवळ्या पानांची. ती स्कॅन केली तर पानाचे चित्र मिळते, आणि त्यातून मराठी अक्षरे ओळखून घ्यायला गेले की जोडाक्षरांची वाट लागते. त्यामुळे सरांचा तास हेच त्याचे मुख्य पुस्तक होते.

पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका विद्यार्थिनीने सत्राच्या सुरुवातीला विचारले, “सर, रेकॉर्ड करू का? याला ऐकायला कामी पडते.” सर म्हणाले, “कर ना.” परवानगी म्हणून जे काही होते ते एवढेच. ती रोज फोन वहीवर उलटा ठेवायची, तास संपला की फाइल त्याला पाठवायची. महिनाभरात इतरांनीही मागितल्या. कुणी पहाटे दुधाच्या फेऱ्या करून येणारा, कुणी बुटीबोरीला शिफ्ट करणारा. तिने फाइली वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली.

ग्रुपवरून त्या एका टेलिग्राम चॅनेलवर गेल्या. तिथून सीताबर्डीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, नोट्सच्या गठ्ठ्यासोबत पेन ड्राइव्हमध्ये भरून विकायला. सरांना हे कळले ते दुसऱ्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याकडून. तो भेटून म्हणाला, “सर, तुमचे युनिट तीन ऐकून राहिलो, मस्त आहे.”

समितीचे काम सुरू झाल्यावर मी त्यातली एक फाइल पूर्ण ऐकली. सुरुवातीला पंख्याची घरघर, बाक सरकल्याचा आवाज. मग गझलेतल्या काफियावर, म्हणजे यमकावर, सरांचे बोलणे, मध्ये एका मुलीची शंका आणि त्यावर वर्गातले हसू. सर कागदावरून वाचत नाहीत हे लगेच लक्षात येते. एक शेर म्हणतात, थांबतात, मग स्वतःच्या तरुणपणी ऐकलेल्या मुशायऱ्याबद्दल सांगतात. साधारण मध्यावर ते एका हयात कवीविषयी काही बोलतात आणि पुढे जोडतात, “हे वर्गापुरते हं.” ते वाक्यही पेन ड्राइव्हमध्ये होते. पैशांपेक्षा त्या वाक्याने सरांना जास्त लागले होते. एखाद्या कवीविषयी मोकळेपणाने बोलायचे आणि समोरची मुले ते सांभाळतील असे मानायचे, यावरच तर त्यांचे शिकवणे उभे होते.

त्यांनी प्राचार्यांकडे तोंडी तक्रार केली, आणि त्यातून ती नोटीस निघाली.

कायदा काय म्हणतो

समितीच्या पहिल्या बैठकीत सगळे ‘कॉपीराइट’ हा एकच शब्द वापरत होते आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा होता. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, वर्गातल्या एका तासावर निदान तीन वेगवेगळे हक्क एकावर एक बसलेले असतात.

पहिला हक्क शब्दरचनेवरचा. सरांनी टिपणे लिहिली असतील तर ती साहित्यकृती आहे आणि तिला लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे संरक्षण आहे. पण सर तर उत्स्फूर्त बोलतात. न लिहिलेल्या बोलण्यावर असा हक्क बसतो का, यावर कायदेपंडित वाद घालू शकतात.

त्या वादात शिरायची गरज आम्हाला पडली नाही, कारण दुसरा हक्क स्वच्छ आहे. कायद्यातली ‘कलावंत’ या संज्ञेची व्याख्या वाचताना मी स्वतः थबकले. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी अशी यादी आहे आणि त्याच रांगेत ‘व्याख्यान देणारी व्यक्ती’ स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. म्हणजे शिक्षक वर्गात उभा राहून बोलतो तेव्हा कायद्याच्या नजरेत तो कलावंतही असतो. टिपण असो वा नसो, त्या सादरीकरणाचे रेकॉर्डिंग करू देणे, त्याच्या प्रती काढणे, ते लोकांपर्यंत पोचवणे, विकणे, हे हक्क त्याचे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८अ घालून हे आणखी स्पष्ट केले. मुदत ५० वर्षे.

तिसरा हक्क खुद्द ध्वनिमुद्रणावरचा, आणि तो पुढाकार घेऊन रेकॉर्डिंग करणाऱ्याचा असू शकतो. इथे ती विद्यार्थिनी. हे ऐकून समितीतले एक सदस्य चकित झाले. पण ध्वनिमुद्रणावर हक्क असला म्हणून त्यातला सरांचा आवाज विकण्याचा अधिकार तिला मिळत नाही. एक हक्क दुसऱ्याला गिळत नाही.

आता सवलतींची बाजू, जी आमच्या नोटिशीने पार पुसून टाकली होती. कलम ३९ सांगते की रेकॉर्डिंग करणाऱ्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा निव्वळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेले रेकॉर्डिंग कलावंताच्या हक्काचा भंग ठरत नाही. हेच कलम पुढे ५२ व्या कलमातल्या सवलतीही कलावंताच्या हक्काला लागू करते. आणि ५२ व्या कलमातल्या, २०१२ लाच आलेल्या ‘झेडबी’ या उपकलमानुसार, दिव्यांग व्यक्तीला वापरता येईल अशा स्वरूपात कोणतीही कृती, म्हणजे पुस्तक, लेख वा ध्वनिमुद्रण, कुणीही करून देऊ शकते. खासगी वापर, शिक्षण किंवा संशोधन हा हेतू हवा आणि नफा कमवायचा नाही, फार तर प्रतीचा खर्च घ्यायचा. यासाठी लेखकाची परवानगी लागत नाही.

दृष्टिहीन वाचकांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ साली. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर अशा विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. आमची नोटीस नुसती कठोर नव्हती, या विद्यार्थ्यापुरती ती बेकायदा होती, असे माझे ठाम मत झाले आणि मी ते समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लावले.

विद्यार्थिनीचा दोष किती?

यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. प्राचार्यांचे म्हणणे, मूळ तिच्यापाशी आहे. ती समितीपुढे आली तेव्हा तिचा रंग उडाला होता. “मी तर फक्त ग्रुपवर टाकले होते जी. कोणी बाहेर नेले, मला खरंच नाही माहीत.”

स्वतःसाठी आणि दृष्टिहीन मित्रासाठी रेकॉर्डिंग करणे पूर्ण सुरक्षित आहे. वर्गाच्या ग्रुपवर टाकणे ही पुढची पायरी. ‘स्वतःचा खासगी वापर’ या शब्दांत ते बसत नाही. पण शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेले म्हणून त्याची बाजू मांडता येते. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात ९ डिसेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ‘अध्यापनाच्या ओघात’ या शब्दांचा अर्थ बराच व्यापक घेतला. ते वर्गाच्या चार भिंतींत आणि तासाच्या वेळेत कोंडलेले नाहीत, आणि शिकवण्याच्या हेतूने जेवढे आवश्यक तेवढे घेणे चालते, असा त्याचा रोख होता. तो खटला पुस्तकांतल्या उताऱ्यांचा होता, रेकॉर्डिंगचा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवे. पण त्याच वर्गातल्या, त्याच पेपरला बसणाऱ्या मुलांनी आपल्याच सरांचा तास पुन्हा ऐकणे मला तरी त्या विचाराच्या आत बसते असे वाटते.

चॅनेल आणि पेन ड्राइव्ह मात्र कुठल्याच सवलतीत बसत नाहीत. ही रेघ नवी नाही. १८२४ मध्ये लंडनमध्ये जॉन ॲबरनेथी या शल्यविशारदाची व्याख्याने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने छापायला सुरुवात केली, तेव्हा प्रकरण न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांच्यापुढे गेले. ॲबरनेथीसुद्धा आमच्या सरांसारखे पूर्ण लिखित प्रतीशिवाय बोलत, त्यामुळे मालकी सिद्ध करणे अवघड होते. शेवटी मनाई मिळाली ती विश्वासाच्या आधारावर : वर्गात बसलेला विद्यार्थी स्वतःसाठी हवी तेवढी टिपणे घेऊ शकतो, पण नफ्यासाठी ती छापण्याची मुभा त्याला नसते. पुढे १८८७ मध्ये ग्लासगो विद्यापीठातले प्राध्यापक एडवर्ड केअर्ड यांच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च न्यायपीठानेही म्हटले की विद्यार्थ्यांसमोर व्याख्यान देणे म्हणजे ते जगाला देऊन टाकणे नव्हे. दोनशे वर्षांत उपकरण बदलले. टाक गेला, फोन आला. विद्यार्थ्याने कुठे थांबायचे ते ठिकाण तेच राहिले.

पोलीस तक्रार करावी का, हा विषय निघाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करणारे समितीतले सदस्य म्हणाले, विचार करून बोला. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. व्यापारी नफा नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सांगितले आहे. एफआयआरमध्ये ‘मूळ रेकॉर्डिंग करणारी’ म्हणून एकदा नाव गेले की पुढचे आपल्या हातात नाही. सर म्हणाले, “मग तक्रारच नको. पोरीने मला विचारून केले होते.” त्या क्षणी त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

तक्रार करणार कोण?

महाविद्यालयाने टेलिग्रामकडे आणि दुकानदाराकडे पत्रे पाठवली होती, प्राचार्यांच्या सहीने. काहीच झाले नाही. वकील सदस्यांनी कारण दाखवले. कलम ५२(१)(क) आणि २०१३ च्या नियमांतला ७५ वा नियम यांनुसार हक्काच्या मालकाने रीतसर लेखी तक्रार केली तर माध्यमाने ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा असतो, २१ दिवसांपुरता; तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत खुला होऊ शकतो. पण तक्रार मालकाची हवी. महाविद्यालय मालक आहे का?

इथे संस्थेच्या मनातले बाहेर आले. संस्थेला ही रेकॉर्डिंग स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर टाकायची होती. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइलीत ई-कंटेंट दाखवायला ती उपयोगी पडली असती. एका पदाधिकाऱ्यांनी सरळ विचारले, “मानधन आपण देतो ना? मग व्याख्यान आपलेच.”

हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. कलम १७(क) म्हणते की नोकरीच्या करारान्वये, नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नियोक्ता. पण यात ‘नोकरीचा करार’ हवा. सीएचबीवरचा शिक्षक तासागणिक मानधन घेतो, सुट्ट्यांत त्याला काही मिळत नाही, पुढच्या सत्रात बोलावतील याची हमी नाही. त्याला नोकर म्हणून हक्क द्यायचे नाहीत आणि त्याच्या व्याख्यानावर मालकी मात्र नियोक्ता म्हणून सांगायची, हे मला कायद्याच्या आधी माणुसकीतच बसत नाही. कायम शिक्षकाच्या बाबतीतही गोष्ट एवढी सोपी नाही. व्याख्याने आणि नोकरीचे इतर काम यांत फरक करणारा, व्याख्यानांचा हक्क बोलणाऱ्याकडे ठेवणारा १९५२ चा एक इंग्लिश निकाल आजही युक्तिवादात पुढे केला जातो. आणि कलावंताचा हक्क तर बोलणाऱ्याच्या अंगालाच चिकटलेला.

सरांची भीती वेगळी होती आणि ती त्यांनी मला ग्रंथालयात, समितीबाहेर सांगितली. “मॅडम, यंदाचे सगळे तास चॅनेलवर गेले, तर पुढच्या वर्षी मला कशाला बोलावतील?” या प्रश्नाला कुठल्याही कलमात उत्तर नाही. करारातच ते द्यावे लागते.

शेवटी टेलिग्रामची तक्रार सरांच्या सहीने गेली, हक्क त्यांचा आहे असे स्पष्ट लिहून. सोबत २०२२ च्या नीतू सिंग विरुद्ध टेलिग्राम या प्रकरणाचा उल्लेख केला. त्यात एका शिक्षिकेची व्याख्याने आणि पुस्तके चॅनेलांवर पसरवणाऱ्यांची माहिती उघड करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला दिला होता. चॅनेल बंद झाले. दुकानदाराला वकिलाची नोटीस गेल्यावर त्याने पेन ड्राइव्ह काढून टाकले आणि तसे लिहून दिले. पसरलेल्या फाइली कुणाकुणाच्या फोनमध्ये आहेत हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता काय चालते

पहिली नोटीस काढून टाकली. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी रेकॉर्डिंग आता ग्रंथालय करते. शिक्षकाला कळवतो, पण परवानगीवर अडवून ठेवत नाही. फाइल त्याच्या नावाने नोंदवून देतो आणि ती इतरत्र जाणार नाही एवढी काळजी आमची. इतरांसाठी सत्राच्या पहिल्या आठवड्यात शिक्षक एका पानावर लिहून देतात : रेकॉर्डिंग चालेल की नाही, वर्गाच्या ग्रुपवर टाकता येईल का, परीक्षेनंतर पुसायचे का. ‘हे वर्गापुरते’ असे शिक्षक म्हणाले की फोन बंद करायचा, ही ओळ सरांच्या आग्रहाने घातली. ज्या मुलीची शंका त्या फाइलमध्ये होती तिचाही आवाज तिच्या नकळत बाजारात गेला होता. म्हणून वर्गातल्या सगळ्यांना रेकॉर्डिंग सुरू असल्याचे सांगायचे, हेही त्यात आहे.

यूट्यूबसाठी वेगळा करार झाला. हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी हवा, आणि मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूब तर जगभर दिसते. म्हणून आम्ही हस्तांतर टाळून मर्यादित परवाना घेतला : ठरावीक व्याख्याने, दोन वर्षे, वेगळे मानधन, सरांचे नाव ठळक, आणि या रेकॉर्डिंगच्या जोरावर त्यांचे तास कमी करायचे नाहीत. शेवटच्या अटीवर संस्थेने बरीच खळखळ केली. वकील सदस्य आणि मी दोघेही त्यावर अडून बसलो.

सगळे जुळल्यावर एक जागा उरली जी कुणाच्या लक्षात आली नव्हती. वर्गात कविता पूर्ण म्हणायला शिक्षकाला मोकळीक आहे, कारण श्रोते विद्यार्थी आणि कर्मचारीच असतात. यूट्यूबवर तो आडोसा राहत नाही. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांची कविता मोकळी आहे. सुरेश भट २००३ मध्ये गेले, त्यांच्या गझलांवरचा हक्क २०६३ अखेरपर्यंत आहे. समीक्षेसाठी शेर उद्धृत करणे चालते, पण सर तर रंगात आले की अख्खी गझल म्हणतात आणि मग तिच्यावर बोलतात. अशा व्याख्यानांतून गझला कापायला सरांनी नकार दिला, आणि मला तो नकार पटतो. गझल काढली तर पुढचे बोलणे कशाबद्दल आहे हेच कळत नाही. हक्कधारकांना लेखी परवानगी मागणारी पत्रे ग्रंथालयाच्या वतीने मी पाठवली आहेत. केशवसुतांवरची व्याख्याने चॅनेलवर गेली. गझलेवरची, परवानगी येईपर्यंत, ग्रंथालयात येऊन हेडफोनवर ऐकायची सोय आमच्या विद्यार्थ्यांसाठी केली आहे.